अ‍ॅटनबरो : एका दुर्मीळ आडनावाचं प्रकरण

अ‍ॅटनबरो हे नाव मराठी घरांत दोन वाटांनी आलं. पहिली वाट सिनेमाची. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ १९८२ साली आला आणि त्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. दुसरी वाट टीव्हीची. रिचर्ड यांचे धाकटे भाऊ डेव्हिड यांचा आवाज प्राणी-पक्ष्यांच्या मालिकांमधून आपल्या दिवाणखान्यात शिरला आणि तिथेच राहिला. एकाच घरातली दोन माणसं इतकी नावाजलेली, म्हणून हे आडनाव इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली असेल असं वाटतं. तसं नाही. स्मिथ लाखांनी मोजावे लागतात, अ‍ॅटनबरो मात्र थोडे. हा थोडेपणाच शास्त्रज्ञांच्या कामी आला.

या प्रकरणात प्रश्न दोन आहेत. आज अ‍ॅटनबरो आडनाव लावणारे पुरुष एकाच पुरुषाचे वंशज आहेत का? आणि असतील, तर तो पुरुष म्हणजेच पहिला अ‍ॅटनबरो का? दोन्ही प्रश्न ऐकायला एकच वाटतात. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं, असं मीही बराच काळ धरून चाललो होतो. ते चूक होतं, आणि का चूक होतं हेच इथे मांडायचं आहे.

गाव

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठावर अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे. सेंट मेरीचं जुनं चर्च, आणि भोवती पाणीच पाणी. हे पाणी नदीचं नाही. १९२९ पासून तिथे वाळू-खडीच्या खाणी चालल्या, त्यांचे खड्डे पाण्याने भरले, पाण्यावर पक्षी आले, आणि १९६६ साली तिथे निसर्ग-राखीव क्षेत्र झालं. उद्घाटनाला बोलावलं होतं डेव्हिड अ‍ॅटनबरो यांना. गावाचं नाव लावणारा माणूस गावात पाहुणा म्हणून आला.

गावाच्या नावात इंग्रजी भाषेचा एक छान चकवा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅटन’ म्हणजे ‘अमक्यापाशी’. रानापाशी राहणारा तो अ‍ॅटवुड. ‘अ‍ॅटन अ‍ॅश’, म्हणजे अ‍ॅशच्या झाडापाशी राहणारा, बोलता बोलता नॅश झाला. ओकच्या झाडांपाशी राहणारा नोक्स झाला. या ओळीत अ‍ॅटनबरो बसवला की अर्थ सरळ लागतो: बरोपाशी, म्हणजे कोटापाशी राहणारा. पण बाराव्या शतकातल्या नोंदीत गावाचं नाव ‘अडिनबुर्खा’ अशा रूपात सापडतं. अडा किंवा अ‍ॅडी नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाचा ‘बुर्ह’, म्हणजे तटबंदीची जागा, असा त्याचा अर्थ लावतात. ‘बुर्ह’चीच पुढे बरो, बरी, बर्ग अशी रूपं झाली. पीटरबरो, स्कारबरो ही त्याच कुळातली गावं. म्हणजे गावाच्या नावातला ‘अ‍ॅटन’ हा खरा ‘अ‍ॅटन’ नव्हे. झिजलेल्या जुन्या नावाला लोकांनी ओळखीचा आकार दिला.

आडनावाच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ शक्य आहेत. कुणी या गावचा म्हणून अ‍ॅटनबरो झाला असेल, तर कुणी दुसऱ्याच एखाद्या कोटापाशी किंवा टेकाडापाशी राहायचा म्हणून. आडनावांच्या कोशांत दोन्ही उगम दिलेले असतात. माझा कौल गावाकडे आहे. कारण साधं आहे: जुन्या शिरगणतीत हे आडनाव नॉटिंगहॅमशायर आणि त्याच्या आसपास दाटलेलं दिसतं. उगम ‘कोटापाशी’ असता तर कोट इंग्लंडभर होते, आडनावही देशभर विखुरलं असतं.

इथे मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल अशी एक गोष्ट आहे. आपल्याकडचं ‘-कर’ कसं चिकटतं ते आठवा. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर म्हणून कुणी वेगळं काढत नाही, तिथे सगळेच सातारकर. माणूस गाव सोडून दुसरीकडे वस्ती करतो, तेव्हा नव्या गावचे लोक त्याला जुन्या गावच्या नावाने ओळखू लागतात. इंग्लंडमध्येही हेच झालं. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर आधी जमीनदारांमध्ये आणि मग हळूहळू सामान्य लोकांमध्ये वंशपरंपरागत आडनावं रुजली. तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत ती बऱ्यापैकी पसरली. लॅटिन दप्तरात कारकून माणसाच्या नावापुढे ‘डी’ घालून त्याचं गाव लिहीत. तेव्हा अ‍ॅटनबरो हे आडनाव अ‍ॅटनबरोत जन्मलेलंच नसावं. ते जन्मलं असेल दिवसभराच्या चालीवरच्या एखाद्या शेजारगावात, जिथे ‘तो अ‍ॅटनबरोचा’ ही ओळख उपयोगाची होती.

आणि म्हणूनच एक शंका राहते. गावातून दोन वेगळ्या घरांतले, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेले दोघे दोन दिशांना गेले, तर दोघेही अ‍ॅटनबरोच. गोव्यातल्या एखाद्या गावावरून पडलेलं ‘-कर’ आडनाव वेगवेगळ्या जातींत सापडतं, ते याच कारणाने. शिवाय आडनाव ठरवून घेताही येतं. मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी स्वतः घेतलं. गावावरून आलेल्या आडनावाला एकच मूळपुरुष असतो असा नियम ना इथे आहे, ना तिथे.

कागद कुठपर्यंत नेतात

इंग्लंडमध्ये वंशावळ शोधणाऱ्याची चांगली सोय आहे, पण ती एका टप्प्यापर्यंत. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १८३७ पासूनची. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या: बाप्तिस्मा, लग्न, दफन. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने काढला. त्यामागे गेलं की सामान्य माणूस कागदावर येतो तो कर भरताना किंवा खटल्यात. १३७७, १३७९ आणि १३८१ सालच्या डोईपट्टीच्या याद्या त्यासाठी फार मोलाच्या, पण त्यांत बाप-मुलाची साखळी नसते. नावं असतात, नाती नसतात.

शिवाय स्पेलिंग. अ‍ॅटनबरो, अ‍ॅटनबॅरो, अ‍ॅटनबरो... मराठीत लिहायला गेलं की यांतली निम्मी रूपं एकसारखीच दिसतात, पण रोमन लिपीत शेवटच्या भागाची निरनिराळी वळणं आहेत. पाद्र्याने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. नाव सांगणाऱ्याला बहुधा वाचता येत नव्हतं, मग दुरुस्त कोण करणार? त्यामुळे वेगळं स्पेलिंग म्हणजे वेगळं घराणं असं समजता येत नाही, आणि तेच स्पेलिंग म्हणजे तेच घराणं असंही नाही.

कागद इथे थांबतात. पुढची वाट लेस्टर विद्यापीठातून जाते, आणि तिथे या प्रकरणाला एक विलक्षण योग जुळून आला आहे.

लेस्टर

रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक अ‍ॅटनबरो यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्डमध्ये झाला. अ‍ॅटनबरो गावाहून हे ठिकाण पाचएक किलोमीटरवर. शेकडो वर्षं गेली तरी हे नाव आपल्या गावापासून एवढंच सरकलं होतं. फ्रेडरिक अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक झाले. सर्वांत जुन्या इंग्रज राजांच्या कायद्यांचं त्यांनी संपादन आणि भाषांतर केलं, ते १९२२ साली केंब्रिजमधून प्रसिद्ध झालं. ज्याचं आडनाव अँग्लो-सॅक्सन, त्याने आयुष्य त्याच भाषेच्या जुन्या पोथ्यांत घालवलं. १९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. मुलं त्याच आवारात वाढली. १९५७ साली कॉलेजचं विद्यापीठ झालं, आणि पुढे उभ्या राहिलेल्या उंच इमारतीला अ‍ॅटनबरो टॉवर हे नाव मिळालं.

त्याच विद्यापीठात १९८४ च्या सप्टेंबरात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत, म्हणजे ‘डीएनएचे ठसे’, सापडली. आणि त्याच विद्यापीठात पुढे टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटिश आडनावांचा जनुकीय अभ्यास केला, त्यात अ‍ॅटनबरो हे आडनाव होतं.

अभ्यासाची युक्ती समजायला सोपी आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं, मुलीला मिळत नाही. इंग्लंडमध्ये आडनावही बापाकडून मुलाला जातं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वाटेने चालतात. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. तो किती वेळा आला हे आकडे मोजले की माणसाचा एक नमुना तयार होतो. पिढ्या जातात तसा क्वचित एखादा आकडा एकाने वाढतो किंवा घटतो. म्हणून जवळच्या भाऊबंदांचे नमुने तंतोतंत जुळतात, लांबच्यांचे किंचित सरकलेले असतात, आणि परक्यांचे साफ वेगळे.

ही कल्पना ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी आधी स्वतःच्या आडनावावर वापरून पाहिली होती. २००० सालच्या त्यांच्या अभ्यासात ४८ साइक्स पुरुषांपैकी २१ जणांचा नमुना एक निघाला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आडनावाचा मूळपुरुष एकच असावा, आणि बाकीचे अधल्यामधल्या पिढ्यांत बापाची साखळी तुटल्याने वेगळे झाले असावेत. २००६ साली लेस्टरच्या गटाने एकाच आडनावाच्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. सुमारे २४ टक्के जोड्यांत समान पूर्वज दिसला. दुर्मीळ आडनावं तेवढी घेतली तर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेलं.

मग २००९ चा मोठा अभ्यास. आडनावं ४०, पुरुष १,६७८. एकाच पूर्वजापासून आलेल्या गटात मोडणाऱ्या पुरुषांचं सरासरी प्रमाण ६२ टक्के, पण आडनावागणिक ते शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत बदलत गेलं. वरच्या टोकाला, ८७ टक्क्यांवर, होते अ‍ॅटनबरो. स्मिथ मंडळींत मात्र नमुन्यांची तीच सरमिसळ, जी रस्त्यावरच्या कुठल्याही ब्रिटिश पुरुषांत दिसेल.

स्मिथचं कारण आपल्याला समजावून द्यायला नको. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगाव लोहार होते, गावोगाव स्वतंत्रपणे स्मिथ झाले. आपल्याकडे कुलकर्णी तसेच. गावचं दप्तर सांभाळणारा तो कुलकर्णी, आणि दप्तर प्रत्येक गावाला होतं. दोन कुलकर्णी भेटले म्हणून कुणी लगेच नातं काढायला बसत नाही. एखाद्या लहानशा वाडीवरून पडलेल्या आडनावाचे दोघे परगावी भेटले, तर पहिला प्रश्न तोच असतो: तुमचं मूळ घर कुठलं?

८७ टक्क्यांचा अर्थ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आजच्या अ‍ॅटनबरो पुरुषांपैकी फार मोठा भाग खरोखरच एका पुरुषाच्या वंशातला आहे. बातमी म्हणून हे एवढंच छापलं जातं, आणि वाचणारा मनात म्हणतो, म्हणजे चौदाव्या शतकात एकच अ‍ॅटनबरो होता तर.

संशोधकांनी स्वतः मात्र नेमकं उलट बजावून ठेवलं आहे: आजच्या नमुन्यांवरून सातशे वर्षांपूर्वीच्या मूळपुरुषांबद्दल भरवशाचं फारसं काही सांगता येत नाही.

याचं कारण कळायला मला १८७३ सालापर्यंत मागे जावं लागलं. इंग्लंडमधली नामांकित घराणी भराभर नामशेष होताना दिसत होती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी त्यावर एका शैक्षणिक मासिकात गणित घातलं: प्रत्येक पुरुषाला किती मुलगे होतात याचं प्रमाण माहीत असेल, तर अमुक पिढ्यांनंतर किती आडनावं संपलेली असतील? हेन्री वॉटसन या धर्मगुरू गणितज्ञाने उत्तर दिलं आणि १८७४ साली दोघांनी मिळून लेख छापला.

ते गणित वहीवर करून पाहता येतं. समजा लोकसंख्या स्थिर आहे, दर पुरुषामागे सरासरी एक मुलगा मोठा होतो, पण कुणाला तीन, कुणाला एक, कुणाला एकही नाही, असं निव्वळ योगायोगाने ठरतं. तर पहिल्याच पिढीत शंभरातल्या सुमारे ३७ पुरुषांचा पुरुषवंश संपतो. दुसऱ्या पिढीअखेर ५३, पाचव्या पिढीअखेर ७३. सातशे वर्षांत साधारण २४ पिढ्या होतात. तिथवर पोहोचताना दहातल्या नऊहून जास्त वंश संपलेले असतात. यात कुणाचा दोष नाही, कुणाचं कर्तृत्वही नाही. कुणाला चार मुली झाल्या, कुणाचे मुलगे देवीने गेले, कुणी अविवाहित राहिला. त्यात १३४८-४९ ची प्लेगची साथ. तिने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं नेली. आडनावं नुकती धरू लागली होती तेव्हाच हा घाला पडला.

आता कल्पना करा. चौदाव्या शतकात एकमेकांशी नातं नसलेले पाच-सहा अ‍ॅटनबरो होते. बहुतेकांचे वंश हळूहळू मिटले. एकाचा टिकला. अठराव्या शतकात लोकसंख्या फुगू लागली. १८०१ च्या पहिल्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख होती, ती १९०१ मध्ये ३ कोटी २५ लाख झाली. जो वंश तोवर तग धरून होता त्याला या शतकाने उचलून धरलं. आज रक्त तपासलं तर सगळे एकाच पुरुषाकडे बोट दाखवणार. तो पुरुष पहिला होता म्हणून नव्हे, तर बाकीच्यांच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही म्हणून. शास्त्रज्ञ याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. आडनावांच्या बाबतीत त्याचा जोर केवढा असतो हे या अभ्यासाने दाखवून दिलं.

मी स्वतः एक ढोबळ हिशेब करून पाहिला. बाप एक आणि आडनाव दुसऱ्याचं, अशी साखळी तुटण्याचं प्रमाण या अभ्यासातून दर पिढीला शंभरात एक ते चार असं निघतं. शंभरात दोन धरू. २४ पिढ्या अखंड राहिलेल्या साखळ्या मग सुमारे ६२ टक्केच उरायला हव्यात. अ‍ॅटनबरोंमध्ये तर ८७ टक्के आहेत. शंभरात दोनच्या दराने ८७ टक्के उरतात ते सातएक पिढ्यांनंतर, शंभरात एकच्या दराने चौदाएक पिढ्यांनंतर. म्हणजे सगळ्यांचा हा समान पूर्वज दोनशे ते चारशे वर्षांमागचा असण्याकडेच आकडे झुकतात. हा काही पुरावा नव्हे, कारण वंश वाढण्या-आटण्याचा हिशेब मी यात धरलेला नाही. पण अभ्यासातही अनेक आडनावांचे असे गट तुलनेने अलीकडचे निघाले, त्याच्याशी हे जुळतं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: बहुधा नाही. आजच्या अ‍ॅटनबरोंचा समान पूर्वज पहिला अ‍ॅटनबरो असेलही, पण तसं मानायला ८७ हा आकडा पुरेसा नाही. तो पूर्वज चर्चच्या नोंदवहीत आधीच अ‍ॅटनबरो म्हणून नोंदलेला, साधा शेतकरी किंवा कारागीर असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तुटलेल्या साखळ्या

उरलेल्या १३ टक्क्यांकडे मला जास्त आपुलकीने पाहावंसं वाटतं. त्यांचं वाय गुणसूत्र वेगळं, तरी ते अ‍ॅटनबरोच आहेत. कुणाच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं आणि तिने मुलाला स्वतःच्या माहेरचं नाव दिलं. कुणी सावत्र बापाचं नाव घेतलं. कुणी मामाची इस्टेट मिळावी म्हणून आडनाव बदललं; इंग्लंडमध्ये मृत्युपत्रात तशी अट घालण्याची रीतच होती. कुणी त्या दुसऱ्या, विसरल्या गेलेल्या मूळपुरुषाचा शेवटचा धागा असेल. प्रयोगशाळेत हे सगळे एकाच रकान्यात पडतात.

साखळी तुटण्यात लाजेचं काही नाही, आणि थोरामोठ्यांच्या घरीही ती तुटते. लेस्टरच्या गाडीतळाखाली २०१२ साली सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्ड राजाचा आहे हे ठरलं ते आईकडून येणाऱ्या डीएनएवरून. २०१४ साली टुरी किंग आणि सहकाऱ्यांनी पुरुषवंशही तपासला. त्याच राजघराण्याच्या पुरुषवंशातले म्हणवणारे पाच जण मिळाले होते. राजाचं वाय गुणसूत्र त्यांच्यापैकी एकाशीही जुळलं नाही, आणि त्या पाचांतलाही एक बाकी चौघांपेक्षा वेगळा निघाला.

याहून चकित करणारी गोष्ट याच गटाला यॉर्कशायरच्या एका दुर्मीळ आडनावात सापडली. ते आडनाव लावणाऱ्या १८ पुरुषांपैकी ७ जणांचं वाय गुणसूत्र अशा प्रकारचं होतं, जे तोवर पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांतच आढळलं होतं. हे सातही जण दिसायला, वागायला, स्वतःच्या माहितीप्रमाणे अस्सल यॉर्कशायरचे. वंशावळी लावल्या तर त्या अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरमध्येच राहणाऱ्या दोन कुटुंबांपर्यंत गेल्या. त्यामागे कधीतरी एक आफ्रिकी पुरुष इंग्लंडमध्ये आला होता. रोमन काळात, हेड्रियनच्या भिंतीवर आफ्रिकेतल्या मूर सैनिकांची तुकडी होती तेव्हा, की पुढे गुलामांच्या व्यापारात, हे गुणसूत्र सांगत नाही. २००७ साली हा अभ्यास छापला गेला.

वाय गुणसूत्र आणखीही बरंच काही सांगत नाही. २४ पिढ्या मागे गेलं तर कागदावर माणसाला दीड कोटीहून जास्त पूर्वजांच्या जागा निघतात. त्या काळात सबंध इंग्लंडात तेवढी माणसं नव्हती, म्हणजे तेच तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात. वाय गुणसूत्र आणि आडनाव या सगळ्यांतून एकच बारीक रेघ ओढतात, बापाच्या बापाच्या बापाची. आई, आजी, पणजी त्यात कुठेच नाहीत. आपल्याकडे गोत्राचं असंच आहे. ते सांगताना माणूस फार आत्मविश्वासाने सांगतो, आणि त्या आत्मविश्वासात घरातल्या अर्ध्या माणसांचा उल्लेखच नसतो.

लेस्टरच्या त्या प्राचार्यांच्या घरी १९३९ साली दोन मुली आल्या. जर्मनीतून निसटलेल्या, ज्यू, सख्ख्या बहिणी. फ्रेडरिक आणि मेरी अ‍ॅटनबरो यांनी त्यांना ठेवून घेतलं, आणि युद्धाची सगळी वर्षं त्या रिचर्ड, डेव्हिड आणि त्यांच्या तिसऱ्या भावाबरोबर बहिणी म्हणून त्याच घरात वाढल्या. ८७ टक्क्यांत त्या नाहीत, १३ टक्क्यांतही नाहीत.